मुख्याध्यापक निवडायचा कुणी? अल्पसंख्याक शाळांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळांमध्ये निवृत्तीचे निरोप समारंभ होतात आणि त्यापाठोपाठ आमच्याकडे पत्रं येतात. या वेळी बहुतेक पत्रं एकाच खुर्चीबद्दलची आहेत. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं सविस्तर दिली आहेत.

आमची अनुदानित उर्दू माध्यमिक शाळा आहे. मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. संस्थेला ज्येष्ठता यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शिक्षिकेला मुख्याध्यापक करायचं आहे. ‘पहिला माणूस सोडून दुसऱ्याचा प्रस्ताव स्वीकारता येत नाही’ असं शिक्षण विभागाच्या कार्यालयात तोंडी सांगितलं गेलं. आम्ही काय करावं?
(एक विश्वस्त)

तुम्हाला जे सांगितलं गेलं तो नियम खरा आहे, पण तो तुमच्या शाळेसाठी नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली, म्हणजे सगळे ज्याला एमईपीएस म्हणतात तो कायदा, इथे लागतो. नियमावलीतल्या नियम ३ प्रमाणे मुख्याध्यापकाचं पद सर्वांत ज्येष्ठ, अर्हताधारक आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला द्यायचं असतं. ज्येष्ठता कशी मोजायची ते अनुसूची ‘फ’ मध्ये आहे. कार्यालयातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोज हाच नियम असतो.

आता त्याच अधिनियमाचं कलम ३, पोटकलम (२) काढा. अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या भरतीला आणि त्या शाळेतल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला, ज्यांची नावं व्यवस्थापनानं संचालकांना किंवा उपसंचालकांना कळवली आहेत, हा अधिनियम लागू होणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. ही सवलत कुठल्या परिपत्रकातली नाही, विधिमंडळानं केलेल्या कायद्यातली आहे. त्यामुळे तोंडी नकाराला घाबरण्याचं कारण नाही.

याच्या मुळाशी राज्यघटनेचं कलम ३०(१) आहे. धर्म किंवा भाषा यांवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यात आहे. ‘चालवणं’ या शब्दात प्रमुख निवडणं येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या मदर प्रोव्हिन्शियल प्रकरणात १९७० साली आणि अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रकरणात १९७४ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं. तुमच्या प्रश्नाशी तंतोतंत जुळतो तो १९९८ चा एन. अम्माद विरुद्ध एमजे हायस्कूल हा निकाल. तिथेही ज्येष्ठ शिक्षकाचा दावा होता. पात्र माणूस शाळेतलाच घ्यायचा की बाहेरून आणायचा, हे अल्पसंख्याक शाळेचं व्यवस्थापन ठरवू शकतं, असं न्यायालय म्हणालं. नोव्हेंबर २००६ मध्ये मलंकरा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात, केरळ विद्यापीठ कायद्यातली ज्येष्ठतेची अट अनुदानित अल्पसंख्याक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाला लागू नाही, असा निकाल झाला. ‘अनुदान घेता ना, मग ज्येष्ठता पाळा’ हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

हक्क आहे, पण प्रस्ताव अडकतो तो कागदांवर. म्हणून आता क्रम सांगतो.

पहिलं, अल्पसंख्याक दर्जाचा दाखला शोधा. तो राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचा असेल किंवा २००४ च्या कायद्यानं नेमलेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचा असेल. दाखल्यावर संस्थेचं नाव आणि शाळेचं नाव विश्वस्त नोंदणीशी अक्षरशः जुळतं का ते पाहा. ‘एज्युकेशन सोसायटी’ आणि ‘एज्युकेशनल सोसायटी’ एवढ्या फरकावरून त्रुटी निघते. दाखला मिळण्यापूर्वीही शाळा वस्तुतः अल्पसंख्याकच असू शकते. दाखल्यानं आधीपासूनच असलेली वस्तुस्थिती मान्य होते, हे अम्माद निकालात आहे. पण कार्यालयात दाखल्याशिवाय हा मुद्दा पटवताना सहा महिने जातात.

दुसरं, ठराव. तो करण्याचा अधिकार संस्थेच्या घटनेप्रमाणे कुणाला आहे ते आधी वाचा: कार्यकारी मंडळाला, विश्वस्त मंडळाला की शाळा समितीला. सभेची सूचना घटनेत दिलेल्या मुदतीत गेली पाहिजे, गणपूर्ती झाली पाहिजे आणि इतिवृत्तावर सह्या हव्यात. ठरावाची भाषा साधी ठेवा: ‘संस्था अल्पसंख्याक असून तिला भारतीय राज्यघटनेच्या कलम ३०(१) व एमईपीएस अधिनियमाच्या कलम ३(२) नुसार मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार आहे. सर्व पात्र शिक्षकांच्या सेवापुस्तिका, अर्हता व कामाचा विचार करून संस्था श्रीमती … यांची दिनांक … पासून मुख्याध्यापक पदावर नियुक्ती करीत आहे.’ ज्येष्ठ शिक्षकांबद्दल वाईट शब्द ठरावात लिहू नका. ‘ते अकार्यक्षम आहेत’ असं लिहिलंत की तो आरोप होतो, आणि आरोप सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

तिसरं, अर्हता. माध्यमिक शाळेसाठी पदवी, बी.एड. किंवा समकक्ष शिक्षणशास्त्राची पदवी, पदवीनंतर माध्यमिक शाळेत पूर्णवेळ अध्यापनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. नंतरची. कलम ३(२) ची शब्दरचना व्यापक आहे, तिचा आधार घेऊन अर्हताही लागू नाही असं काही संस्था म्हणू पाहतात. आमचा स्पष्ट सल्ला आहे की या वाटेला जाऊ नये. शासन शैक्षणिक अर्हता ठरवू शकतं हे सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक निकालात मान्य केलंय. निवडीचं स्वातंत्र्य आहे ते अर्हता असलेल्यांमधून. आणि मुलांच्या दृष्टीनं पाहिलं तरी त्याहून कमी चालणार नाही.

चौथं, नाव कळवणं. प्रमुखाचं नाव कळवावं लागतं की फक्त त्या तिघांचं, यावर कलमाच्या वाक्यरचनेमुळे वाद घालता येतो. तो वाद उभाच राहू देऊ नका. ठराव झाला की प्रमुखाच्या नावाचं पत्र उपसंचालकांना द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या आणि तिची प्रत प्रस्तावाला जोडा.

पाचवं, शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव. ठराव, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, अल्पसंख्याक दाखला, अर्हतेची प्रमाणपत्रं, अनुभवाचा दाखला, आधीच्या मान्यतेचा आदेश, मावळत्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा आदेश, चालू संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा आदेश), ज्येष्ठता यादी. ‘आम्हाला ज्येष्ठता लागू नाही मग यादी कशाला’ म्हणून ती लपवू नका, जोडा. यादी नसली की प्रस्ताव त्रुटीत परत येतो. सोबतच्या पत्रात कलम ३(२) चा मजकूर पूर्ण उतरवा.

एक गोष्ट मात्र करू नका. यादीतल्या पहिल्या दोघांकडून ‘मी हक्क सोडतो’ असं पत्र घेऊ नका. हक्क सोडण्याची सोय ज्येष्ठता लागू असलेल्या शाळांसाठी आहे. तुम्ही ते पत्र घेतलंत म्हणजे त्यांचा हक्क होता हे तुम्हीच लिहून दिलंत. शिवाय वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दबावाखाली सही करायला लावणं हा अन्याय आहे. त्यांना बोलावून, संस्थेनं काय ठरवलं आणि का, हे समोरासमोर सांगा.

आणि घाई खरोखर कुठे आहे ते ओळखा. ३१ मे उलटला की पगारबिलावर सही कुणाची, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहतो. नव्या मुख्याध्यापकाच्या नमुना स्वाक्षरीला मान्यता नसेल तर शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीतून बिल पुढे सरकत नाही आणि शिपायापासून सगळ्यांचा पगार थांबतो. म्हणून ठराव एप्रिलमध्येच करा. मान्यतेला वेळ लागणार असं दिसलं तर स्वाक्षरीच्या अधिकारासाठी स्वतंत्र पत्र द्या. ‘तात्पुरता प्रभार’ म्हणून सर्वांत ज्येष्ठाला खुर्चीत बसवायचं आणि चार महिन्यांनी उठवायचं, ही पळवाट सर्वांत जास्त भांडणं लावते.

मी अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत २४ वर्षं शिकवते. ज्येष्ठता यादीत पहिली आहे. माझ्याहून आठ वर्षांनी कनिष्ठ सहकाऱ्याला मुख्याध्यापक केलं. मी न्यायाधिकरणात जाऊ शकते का?
(एक सहायक शिक्षिका)

जाऊ शकता. एमईपीएसच्या कलम ९ प्रमाणे बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांच्या बरोबरीनं, पदोन्नतीत डावललं गेल्याबद्दलही शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची धरून चाला. उशीर झाल्यास पुरेसं कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

जिंकण्याची शक्यता किती, हे मात्र तुम्हाला खरं सांगायला हवं. शाळा खरोखर अल्पसंख्याक असेल आणि निवडलेले सहकारी अर्हताधारक असतील, तर फक्त ‘मी ज्येष्ठ आहे’ या एका मुद्द्यावर अपील टिकणं फार कठीण आहे. वर दिलेले निकाल तुमच्या विरोधात वाचले जातील. वकिलाची फी भरण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

निवडलेल्या सहकाऱ्यांचा ५ वर्षांचा अनुभव पूर्णवेळ होता का, आणि बी.एड. नंतरची २ वर्षं भरतात का? तासिका तत्त्वावरची किंवा प्राथमिक विभागातली वर्षं यात मिसळलेली असतात. सेवापुस्तिकेतल्या तारखा आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखा शेजारी ठेवल्या की हे दिसतं. माहिती अधिकारात शिक्षणाधिकारी कार्यालयातून प्रस्तावाची प्रत मागा.

नियुक्ती कुणी केली? अधिकार नसलेल्या अध्यक्षानं एकट्याच्या सहीनं आदेश काढला आणि ठराव नंतर ‘बसवला’, असं असेल तर मुद्दा भक्कम आहे. सभेची तारीख आदेशाच्या नंतरची निघाली तर तो कागद जपून ठेवा.

संस्था त्या समाजानं स्थापन केलेली आहे का, की दर्जा फक्त दाखल्यापुरता आहे? स्थापनाही त्यांची आणि चालवणंही त्यांचं, अशा दोन्ही गोष्टी लागतात. विश्वस्त बदलून दर्जा मिळवलेल्या संस्था आहेत आणि खऱ्या अल्पसंख्याक शाळांचं नाव त्यांनी खराब केलं आहे.

संस्थेनं स्वतःचे सेवानियम केले आहेत का, आणि त्यांत ज्येष्ठता लिहिली आहे का? आपणच केलेला नियम मोडला तर संस्थेला उत्तर द्यावं लागतं. काही मोठ्या संस्थांच्या नियमांत मुलाखत समिती आणि गुणांकन आहे. ते झालं का ते विचारा.

आणि हे नीट लक्षात ठेवा: डावललं गेल्यानं तुमची ज्येष्ठता, वेतनश्रेणी, निवड श्रेणी, निवृत्तिवेतन यांतलं काहीही जात नाही. अपील केलं म्हणून वर्ग काढून घेणं, गोपनीय अहवाल बिघडवणं असं काही झालं तर प्रत्येक वेळी तारखेसह लेखी निवेदन द्या. निवडीच्या हक्कात त्रास देण्याचा हक्क येत नाही. १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंच आहे की, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क मोडत नाही.

आम्हीच निवडलेल्या मुख्याध्यापकांशी दीड वर्षात पटेनासं झालं. निवड आमची, मग बदलही आम्हीच करू शकतो ना?
(एका संस्थेचे सचिव)

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. कलम ३(२) पुन्हा वाचा, त्यात शब्द ‘भरती’ असा आहे. भरती झाली की त्या व्यक्तीच्या सेवेला एमईपीएसचं बाकी सगळं संरक्षण लागतं. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं, पगार आणि सेवाशर्तींचे नियम अल्पसंख्याक शाळेलाही लावता येतात आणि त्यानं कलम ३० चा भंग होत नाही, असं सांगितलं. शिक्षक समाधानी नसेल तर शाळा चांगली कशी चालेल, हा त्यामागचा विचार आम्हाला मनापासून पटतो.

मुख्याध्यापकांना परत सहायक शिक्षक करणं ही पदावनती आहे आणि ती मोठी शिक्षा आहे. त्यासाठी आरोपांचं निवेदन, खुलाशाची संधी, नियम ३६ प्रमाणे तीन सदस्यांची चौकशी समिती आणि नियम ३७ प्रमाणे चौकशी, हा क्रम चुकवता येत नाही. चौकशी मुख्याध्यापकांची असेल तर समितीत संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापकांनी सुचवलेला एखाद्या खाजगी शाळेतला कर्मचारी आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या यादीतून घेतलेला एक सदस्य असतो. चौकशी साधारण १२० दिवसांत पुरी करायची असते.

बिघडतं कुठे? समितीतल्या तिघांऐवजी अध्यक्ष एकटेच अहवाल लिहितात. साक्षीदारांची उलटतपासणी होऊ देत नाहीत. आरोप ‘वर्तन असमाधानकारक’ असा मोघम असतो, त्यात तारीख नसते, प्रसंग नसतो. न्यायाधिकरणात असा आदेश रद्द होतो आणि मधल्या काळातला पगार संस्थेच्या खिशातून जातो. निलंबनाचंही तसंच. पूर्वमान्यता न घेता निलंबित केलं तर निर्वाह भत्त्याचा बोजा संस्थेवर येतो.

तक्रार पैशांची असेल तर शिक्षण विभागाची वाट न पाहता आधी लेखापरीक्षण करून घ्या. तक्रार ‘आमचं ऐकत नाहीत’ एवढीच असेल, तर तिला आरोपपत्रात जागा नाही.

संस्थेत दोन गट पडले आहेत. दोघांनी वेगवेगळे मुख्याध्यापक नेमले. कोण खरा?
(एक पालक)

हा वाद अल्पसंख्याक हक्काचा नाही, विश्वस्तांचा आहे. धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीत, आज कुणाची नावं आहेत ते पाहा. शिक्षणाधिकारी सहसा तीच यादी धरतात. निवडणूक झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत फेरफार अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, द्यायचा असतो. तो वेळेवर न दिल्यामुळे किंवा वर्षानुवर्षं प्रलंबित राहिल्यामुळे ही पाळी येते. पालक म्हणून तुम्ही एवढा आग्रह धरू शकता की, निर्णय होईपर्यंत दहावीच्या परीक्षेचे अर्ज आणि शाळा सोडल्याचे दाखले कुणाच्या सहीनं जातील, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी कळवावं. मुलांचे कागद अडकता कामा नयेत.

पश्चिम बंगालच्या मदरशांच्या निकालानंतर हा हक्क उरला आहे का?
(एक निवृत्त शिक्षणाधिकारी)

उरला आहे, पण पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये कोंताई रहमानिया हाय मदरशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालचा मदरसा सेवा आयोग कायदा, २००८ वैध ठरवला. अनुदानित मदरशांत शिक्षकांची निवड आयोगानं सुचवायची, अशी ती व्यवस्था. धर्म-भाषा जपण्याशी थेट जोडलेलं शिक्षण आणि निव्वळ ऐहिक विषयांचं शिक्षण यांत न्यायालयानं फरक केला. दुसऱ्या प्रकारात गुणवत्तेवर आधारलेल्या निवडीचा आग्रह शासन धरू शकतं, असा त्याचा रोख आहे. त्याआधी २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणातल्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानंही, अनुदानित संस्थांना काही नियमन मान्य करावं लागेल, असं म्हटलं होतं.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर तो निकाल बंगालच्या विशिष्ट कायद्याबद्दलचा आहे, आणि आपल्याकडे कलम ३(२) हा राज्याचाच कायदा संस्थेच्या बाजूनं उभा आहे. विधिमंडळ ते बदलत नाही तोवर, बंगालचा निकाल दाखवून प्रस्ताव नाकारता येणार नाही. संस्थांनी मात्र त्यातून बोध घ्यावा. तीन-चार पात्र उमेदवारांचा तुलनात्मक तक्ता करून निवड केली, तर उद्या कायदा बदलला तरी आजची निवड कुणी मोडू शकणार नाही. बाहेरचा माणूस घ्यायचा असेल तर जाहिरात द्यावी, असंही आमचं मत आहे.

मुख्याध्यापकाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का? शाळा पहिली ते आठवीची, अल्पसंख्याक.

सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात इतर शाळांतल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांची सेवा ५ वर्षांहून कमी उरली आहे त्यांना सेवेत राहता येतं, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागतेच. अल्पसंख्याक शाळांबाबत मात्र, शिक्षणहक्क कायदा त्यांना लागू नाही असं सांगणाऱ्या २०१४ च्या प्रमाती निकालावर शंका घेऊन, तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितला. त्याचा निर्णय होईपर्यंत टीईटीची सक्ती तुमच्यावर नाही. तरीही निवडताना दोन उमेदवार सारखेच असतील, तर टीईटी झालेला घ्या.

मुख्याध्यापक त्याच धर्माचा असावा लागतो का?

नाही. पात्र व्यक्ती कुठल्याही धर्माची चालते. ‘आपल्या पसंतीचा’ याचा अर्थ संस्थेच्या पसंतीचा. मिशनच्या शाळेत हिंदू मुख्याध्यापक किंवा उर्दू शाळेत मराठीभाषक मुख्याध्यापिका नेमल्यानं दर्जा जात नाही.

जैन, सिंधी, गुजराती संस्थांना हे लागू आहे का? आणि बेळगावच्या मराठी शाळांना?
(बेळगावचे एक वाचक)

केंद्रानं जाहीर केलेल्या धार्मिक अल्पसंख्याकांत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन आहेत. सिंधी, गुजराती या महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याक आहेत. कलम ३० मध्ये दोघांना सारखाच हक्क आहे. टी. एम. ए. पै निकालानंतर अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरतं. म्हणूनच महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी माणूस कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक ठरतो आणि बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी संस्थांना कलम ३०(१) चा आधार आहे.

पण एमईपीएस सीमेपलीकडे चालत नाही. तिथे १९८३ चा कर्नाटक शिक्षण कायदा आणि त्याखालचे नियम लागतात. गोव्यातल्या शाळांसाठी १९८४ चा तिथला शालेय शिक्षण कायदा आहे. त्यामुळे कलम ३(२) चा उल्लेख असलेला वरचा ठराव तसाच उतरवून घेऊ नका. कलम ३०(१), अम्माद आणि मलंकरा यांचा उल्लेख ठेवा, आपल्या राज्याचं कलम घाला आणि शाळेचा भाषिक अल्पसंख्याक दाखला कर्नाटक शासनाचा किंवा राष्ट्रीय आयोगाचा आहे का ते आधी पाहा. महाराष्ट्रातल्या मूळ संस्थेची शाखा तिथे असेल तर महाराष्ट्रातला दाखला तिथे उपयोगाचा नाही. दर्जा त्या राज्यात, त्या शाळेच्या नावानं वेगळा घ्यावा लागतो.